पडलेले, विसरलेले, ठेवलेले



जपानचा बारा दिवसांचा प्रवास आटोपून परतल्यापासून भेटेल तो दोनच प्रश्न विचारतो : खाल्ले काय, आणि खर्च किती आला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खाजगी असते, एवढे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाकडून वाचकांनी गृहीत धरावे. पहिल्याचे उत्तर मात्र आधी देऊन टाकतो, म्हणजे मूळ विषयाकडे वळायला मी मोकळा होईन.

जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचे एक सार आहे. ते बहुधा वाळवलेल्या माशाच्या किसापासून करतात. डोळ्यांना निव्वळ भाजी दिसते, पण ती त्या सारात शिजलेली असते. ‘आम्ही शाकाहारी’ एवढे सांगून तिथे भागत नाही. मुलाने आम्हाला जपानी भाषेत एक कार्ड छापून दिले होते : मांस, मासे, अंडी, माशाचे सार, कांदा, लसूण, जमिनीखालचे कंद यांपैकी काही चालत नाही. उपाहारगृहातला माणूस ते कार्ड दोन्ही हातांनी घेई, आत जाऊन विचारून येई आणि बहुतेक वेळा कमरेत वाकून सांगे, की तुम्हाला देण्यासारखे आमच्याकडे काही नाही. या नकाराचा आम्हाला कधी राग आला नाही. ‘चालेल हो, त्यात काही नसते’ असे म्हणून ताटात वाटेल ते वाढणाऱ्या दुकानदारापेक्षा हा नकार कितीतरी भरवशाचा. बाकी दशम्या, खाकरे, मेतकूट आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी यांनी बारा दिवस निभावून नेले. साधा भात सगळीकडे मिळतो, आणि उत्तम मिळतो.

एक दिवस मात्र ताटावर बसून जेवलो. क्योतोच्या अराशियामा भागात तेन्र्यूजी हे झेन पंथाचे मोठे मंदिर आहे. त्याच्या आवारातच ‘शिगेत्सु’ नावाचे भोजनगृह असून तिथे भिक्षूंच्या परंपरेतला आहार मिळतो. त्याला ‘शोजिन र्‍योरी’ म्हणतात. ‘शोजिन’ हा शब्द संस्कृतातल्या ‘वीर्य’ या शब्दाच्या चिनी भाषांतरातून तिकडे गेला. आपल्या पंचाचारांतला वीर्याचार ज्या शब्दापासून झाला, तोच हा शब्द. या आहारात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही वर्ज्य. हे ऐकून सौ.चा चेहरा उजळला. पण ताट आले तेव्हा त्यात कमळाचे कंद, मुळा, गोबो नावाचे एक लांबट मूळ आणि अळंबी हेही मांडलेले होते. तेव्हा अर्धे ताट आमचे आणि अर्धे त्यांचे, असे ते भोजन झाले. जपानचा इतिहासही काहीसा असाच अर्धा-अर्धा आहे. इ. स. ६७५ मध्ये तेन्मु सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास वर्षातील काही महिने बंदी केली. मासे मात्र कधीच सुटले नाहीत. पुढे मेइजी सम्राटाने १८७२ मध्ये स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि पाश्चात्त्यांची बरोबरी करण्याच्या त्या काळात जुना संकोच झपाट्याने मावळला.

प्रेक्षणीय स्थळांची जंत्री देत नाही. ती प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत सचित्र मिळते. फुजी पर्वत तिन्ही दिवस ढगांत होता. क्योतोच्या फुशिमी इनारी देवस्थानात डोंगरभर शेंदरी रंगाच्या हजारो कमानी एकामागोमाग एक उभ्या आहेत. समोरून जाताना त्या सुंदर दिसतात. परत येताना मागे वळून पाहिले, तर प्रत्येक खांबावर देणगीदार पेढीचे नाव आणि तारीख ठळक अक्षरांत कोरलेली. इनारी हे धान्याचे आणि धंद्याच्या भरभराटीचे दैवत आहे. आपल्याकडे पायरीवर नाव असते, तिकडे खांबावर. व्यापारी माणूस सगळीकडे सारखाच, असे म्हणून आम्ही दोघेही हसलो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

तोक्योत दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो, तेव्हा फुटपाथच्या कठड्याच्या एका टोकावर लहान मुलाचा लोकरी हातमोजा अडकवलेला दिसला. पुढे एका कुंपणाच्या झुडपावर टोपी होती. संध्याकाळी त्याच वाटेने परतलो, तेव्हा टोपी नव्हती आणि हातमोजा तसाच होता. आधी मला वाटले, कोणी वाळत घातला असेल. नंतर लक्षात आले, की पडलेली वस्तू कोणाच्या पायाखाली येऊ नये आणि शोधत येणाऱ्याला चटकन दिसावी म्हणून ती उचलून जवळच्याच उंच जागी ठेवण्याची तिथे रीत आहे. ती घरी न्यायची नाही, आणि दूरही न्यायची नाही. जिथे पडली तिथेच, पण डोळ्यांच्या उंचीवर.

चहाच्या दुकानात माणसे टेबल अडवण्यासाठी फोन किंवा पर्स खुर्चीवर ठेवून खुशाल रांगेत जाऊन उभी राहतात. क्योतोच्या उत्तरेला ओहारा नावाचे खेडे आहे. तिथे शेताच्या कडेला लाकडी मांडणीवर काकड्या, वांगी, हिरव्या पालेभाजीच्या जुड्या मांडलेल्या होत्या. बाजूला पैसे टाकायला एक डबा. राखण करायला कोणी नाही, मोड द्यायला कोणी नाही. मी जवळजवळ पंधरा मिनिटे तिथे रेंगाळलो. सौ. म्हणाली, “तुम्ही अजून तपासणीवरच आहात का?” तेवढ्यात एक वृद्ध बाई आल्या, दोन जुड्या पिशवीत टाकल्या, नाणी एकेक करून डब्यात सोडली, डब्याला किंचित मान लववली आणि निघून गेल्या.

हे पाहताना मला सतत आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार आठवत होता. अचौर्याणुव्रताचे स्वरूप सांगताना आचार्यांनी ‘चोरी करू नये’ एवढ्यावर विषय सोडलेला नाही. कोणी ठेवलेली, कोणाची पडलेली, कोणी विसरलेली अशी परक्याची वस्तू मालकाने दिल्यावाचून स्वतः घ्यायची नाही आणि उचलून दुसऱ्या कोणाला द्यायचीही नाही, असा त्या व्रताचा आशय आहे. पाठशाळेत हे आपण लहानपणी शिकतो. ‘घ्यायची नाही’ हा पूर्वार्ध सर्वांच्या लक्षात राहतो. ‘द्यायचीही नाही’ हा उत्तरार्ध मात्र निसटतो. रस्त्यात शंभराची नोट सापडली, तर आपल्यातला सज्जन माणूस काय करतो? ती मंदिराच्या दानपेटीत टाकतो, किंवा दारातल्या भिक्षेकऱ्याला देतो, आणि हात झटकून समाधानाने घरी येतो. व्रताच्या काटेकोर अर्थाने पाहिले तर ते पैसे त्याने स्वतः घेतले नाहीत हे खरे. पण जे आपले नव्हते त्याचे दान केले हेही तितकेच खरे. मालकाकडे पोहोचण्याची नोटेची वाट त्याने बंद करून टाकली. आता कोणी म्हणेल, मग करायचे तरी काय? मालक कुठे शोधायचा? अडचण खरी आहे. आपल्याकडे त्या नोटेला जायला तिसरी जागाच नाही.

जपानमध्ये ती तिसरी जागा आहे. ती कशी चालते, हे आम्हाला नाराच्या मुक्कामात जवळून पाहायला मिळाले.

नारा ही आठव्या शतकातली राजधानी. तिथल्या तोदाइजी मंदिरातील कांस्याच्या महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी ७५२ मध्ये झाला, आणि तो बोधिसेन नावाच्या भारतातून गेलेल्या भिक्षूच्या हातून झाला. आपल्या पंचकल्याणकात मूर्तीचे नेत्रोन्मीलन पाहिलेल्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मंदिराबाहेरच्या विस्तीर्ण उद्यानात शेकडो हरणे मोकळी हिंडतात. त्यांना देवदूत मानतात आणि कोणी त्यांच्या वाटेला जात नाही. हातात बिस्किट दिसले की ती मान खाली-वर करून नमस्कार करतात. तो नमस्कार आपल्याला नसून बिस्किटाला असतो, हे थोड्या वेळाने उमगते. सौ. एका बाकावर बसून जाप करीत होती. नंतर पाऊस भुरभुरू लागला, घाई झाली, आणि आम्ही गाडीने क्योतोला परतलो. रात्री सामायिकाला बसताना माळ पिशवीत नव्हती.

माळ चंदनाची, बाजारभावाने किरकोळ. परंतु १९८१ च्या महामस्तकाभिषेकाला माझी आई श्रवणबेळगोळला गेली होती, तेव्हा तिने ती घेतली होती. शेवटच्या आजारपणात बोटे चालेनात, तरी ती हातात असे. आईनंतर ती सौ.कडे आली. सौ. काही बोलली नाही, पण त्या रात्री ती झोपली नाही हे मला कळले.

सकाळी हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या तरुणाला सांगितले. त्याने कागद पुढे ओढून विचारायला सुरुवात केली : लाकडाची की काचेची, मणी किती, गोंड्याचा रंग कोणता, बाक तळ्याकडे तोंड करून होता की रस्त्याकडे? मग फोन केला. बौद्ध लोकांच्या माळेलाही तिथे १०८ मणी असतात आणि तिला ‘जुझु’ म्हणतात. तो शब्द दोन-तीनदा ऐकू आला. फोन ठेवून तो म्हणाला, “नाराच्या पोलीस ठाण्यात अशी एक वस्तू कालच जमा झाली आहे. पासपोर्ट घेऊन जा.”

ठाण्यात आम्हाला ज्या खिडकीकडे पाठवले ती हिशेब विभागाची होती. सापडलेल्या वस्तू जपानच्या पोलीस ठाण्यात हिशेब विभागाकडे असतात, हे ऐकून मला परक्या मुलखात एकाएकी घरी आल्यासारखे वाटले. गुन्हा नाही, तपास नाही. जमा आणि खर्च. पलीकडच्या बाईंनी क्रमांकाची चिठ्ठी लावलेले पाकीट आणले, पण लगेच पुढे केले नाही. आधी सौ.ला वर्णन विचारले. फोनवरच्या भाषांतराच्या साहाय्याने सौ.ने सांगितले, चंदन, लाल गोंडा, १०८ मणी. बाईंनी पाकीट आपल्याकडे धरूनच मणी मोजले. पुन्हा मोजले. मग संकोचाने म्हणाल्या, “हे १११ आहेत.”

क्षणभर मी गडबडलो. सौ. मात्र शांतपणे म्हणाली, “बरोबर. वरचे तीन निराळे. ते रत्नत्रयाचे.” सम्यग्दर्शन, सम्यग्ज्ञान, सम्यक्चारित्र हे त्या भाषांतरयंत्राच्या आवाक्यातले नव्हते, त्याने पडद्यावर एवढेच उमटवले : तीन रत्ने. ते वाचून बाईंचा चेहरा खुलला. बौद्धांचीही तीन रत्ने आहेत, बुद्ध, धर्म आणि संघ. जपानीत त्यांना ‘सान्बो’ म्हणतात. त्यांना वाटले ती रत्ने आपली नव्हेत, पण खूण पटली. दोन्ही हातांत धरून त्यांनी माळ सौ.ला दिली.

मग फॉर्म. त्यात किमतीचा रकाना होता. सौ. बराच वेळ लेखणी धरून थांबली आणि शेवटी तो रिकामा सोडला. बाईंनीही आग्रह धरला नाही. ज्यांनी माळ आणून दिली त्यांचे नाव आम्ही विचारले, निदान एक पत्र लिहावे म्हणून. बाईंनी कागद पाहिला आणि सांगितले, की त्या व्यक्तीने सर्व हक्क सोडले आहेत आणि नाव कळवण्यासही संमती दिलेली नाही. पुरुष की स्त्री, म्हातारे की तरुण, काहीच कळले नाही. पावसात बाकावरची माळ उचलून कोणीतरी पोलीस चौकीपर्यंत चालत गेले होते, फॉर्म भरला होता, आणि आपले नाव मागे ठेवले नव्हते.

हक्क सोडले म्हणजे काय, हे मी नंतर समजून घेतले. जपानमध्ये हरवलेल्या वस्तूंसाठी स्वतंत्र कायदाच आहे. मूळ कायदा १८९९ चा; त्याची पुरी फेरमांडणी होऊन नवा कायदा २००७ पासून अमलात आला. रस्त्यात काही सापडले तर सात दिवसांच्या आत पोलिसांकडे द्यायचे. गाडीत, दुकानात सापडले तर चोवीस तासांच्या आत तिथल्या व्यवस्थापनाकडे. मालक मिळाला, तर सापडून देणाऱ्याला वस्तूच्या किमतीच्या ५ ते २० टक्के मोबदला मागण्याचा हक्क. तीन महिन्यांत मालक आला नाही, तर वस्तू त्याचीच. फोन, ओळखपत्रे अशा खाजगी माहितीच्या वस्तू तेवढ्या वगळून. उलट सापडलेले खिशात घातले, तर तो दंडसंहितेनुसार गुन्हा आहे. वस्तू देताना फॉर्मवरच विचारतात : मोबदल्याचा हक्क ठेवता की सोडता? नाव कळवू की नको?

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. बी. कॉम.ला आम्ही १८७२ चा करार कायदा शिकलो, त्यात कलम ७१ सापडलेल्या वस्तूविषयी आहे : ज्याला वस्तू सापडली त्याची जबाबदारी निक्षेपग्राहीसारखी, म्हणजे विश्वासाने सोपवलेला माल सांभाळणाऱ्यासारखी. कलम १६८ असेही सांगते, की मालकाने बक्षीस आधी जाहीर केले असेल तरच ते दावा लावून मागता येते. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येई. परंतु ती वस्तू नेऊन द्यायची कुठे, हे विचारायचे कोणाला सुचत नसे. पाकीट घेऊन ठाण्यात गेलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘तुला कुठे मिळाले?’ आणि त्या प्रश्नाच्या सुरातच त्याचा पुढच्या वेळचा निर्णय होऊन जातो. जपानमध्ये ‘कोबान’ नावाच्या लहान चौक्या नाक्यानाक्यावर आहेत. ही पद्धत तोक्योत १८७४ मध्ये सुरू झाली आणि आज देशभर अशा सुमारे सहा हजार चौक्या आहेत. आत एक-दोन पोलीस, भिंतीवर मोहल्ल्याचा नकाशा. लोक तिथे पत्ता विचारायला जातात, तसेच सापडलेले द्यायला जातात. शाळकरी मूल दहा येनचे नाणे घेऊन आले, तरी त्याचे आभार मानून नोंद होते. हिशेबाच्या दृष्टीने दहा येनसाठी एवढा कागद खर्च करणे वेडेपणाचे आहे. पण ते मूल उद्या पाकीट घेऊन येणार असते.

एकट्या तोक्यो महानगर पोलिसांकडे जमा होणाऱ्या वस्तूंची संख्या अलीकडे वर्षाला चाळीस लाखांच्या वर गेली आहे. त्यांत काही अब्ज येन रोख असतात आणि त्यांतला मोठा भाग मालकांकडे परत जातो. छत्र्या लाखोंनी येतात, पण त्या न्यायला फारसे कोणी फिरकत नाही. मार्च २०११ मध्ये ईशान्य किनाऱ्यावर सुनामी आली. तिथल्या वृद्धांना रोकड घरात ठेवण्याची सवय. घरे वाहून गेली आणि पाच हजारांहून अधिक तिजोऱ्या ढिगाऱ्यांत, किनाऱ्यावर सापडल्या. ज्यांचे सर्वस्व गेले होते अशा लोकांनी आणि स्वयंसेवकांनी त्या पोलिसांकडे पोहोचवल्या. कुलूपवाले बोलावून त्या उघडल्या गेल्या, आतल्या कागदांवरून नावे शोधली गेली, आणि आतली बहुतेक रोकड मालकांना किंवा वारसांना मिळाली. बँकेत असताना एका तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे ठेवण्याचा नियम आम्ही काटेकोर पाळत असू. इथे किल्लीच नव्हती, पाहणारे कोणी नव्हते, आणि तरी हिशेब जुळला.

एवढ्यावरून जपानी माणूस देव आहे असे मी म्हणणार नाही. सायकली तिथेही चोरीला जातात, दुकानाबाहेरच्या स्टँडमधली छत्री दुसराच कोणी घेऊन जातो. बँकांच्या पैसे काढण्याच्या यंत्रांजवळ मी ठिकठिकाणी सूचना पाहिल्या : फोनवर बोलत बोलत यंत्र वापरू नये. ‘आजी, मीच बोलतोय, अडचणीत आहे’ अशी नातवाची बतावणी करून वृद्धांना लुबाडणाऱ्या टोळ्यांनी तिथे धुमाकूळ घातला आहे. पडलेले पाकीट परत करणारा समाज आणि आजीची पुंजी फोनवरून लुटणारा चोर एकाच शहरात राहतात. शिवाय जिवांच्या बाबतीत त्यांचा आणि आपला मार्ग वेगळा आहे, हे मासळीबाजाराच्या रस्त्याने जाताना एकदाच नाक दाबून कळले. कोबेच्या कितानो भागात संगमरवराचे सुंदर भगवान महावीरस्वामी जैन मंदिर आहे. १९८५ मधले, मोत्यांच्या व्यापारासाठी गेलेल्या आपल्या बांधवांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. दर्शन घेऊन मन निवले. मोती आणि शिंपल्यातला जीव यांचा प्रश्न तिथे मनात आला, तो इथे उकलत बसत नाही. स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

विसरलेल्या वस्तूंचा एक प्रकार मात्र माझ्या व्यवसायाचा आहे, आणि तिथे दोन्ही देशांची तुलना बरोबरीने करता येते. बँकेतल्या विसरलेल्या ठेवी. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील पैसे समाजोपयोगी कामांसाठी वापरण्याचा कायदा जपानने केला, तो २०१८ च्या आरंभापासून अमलात आहे. आपल्याकडे दहा वर्षे पडून असलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जातात, आणि त्या शोधण्यासाठी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ ही संगणकीय सोय केली आहे. दोन्हीकडे मूळ ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क कायम राहतो. उद्या तो आला तर पैसे द्यावेच लागतात. म्हणून, विसरलेले दुसऱ्याला ‘द्यायचेही नाही’ या कसोटीवर ही व्यवस्था मला जेमतेम उतरते असे वाटते. ‘जेमतेम’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो.

आता थोडे आपल्या दुकानाकडे. कर्जप्रकरणांसाठी मी असंख्य ताळेबंद तपासले. बहुतेक जुन्या पेढ्यांत धनकोंच्या यादीच्या शेवटी काही लहान रकमा वर्षानुवर्षे तशाच उतरत आलेल्या असतात. कोणाचे आठशे, कोणाचे दोन हजार. माल आला, बिल चुकते झाले, थोडे राहिले; तो माणूस परत आलाच नाही. तीन वर्षे उलटली की मुदतीच्या कायद्याने त्याला दावा लावता येत नाही. मग एखाद्या मार्चअखेर हिशेबनीस सुचवतो, ‘शेठ, ही जुनी देणी आता कसर-वटाव खात्याला नेऊ.’ एका सहीत ती नफ्यात जमा होतात. प्राप्तिकर खाते त्यावर कर घेते, लेखापरीक्षक खूण करतो, कायदेशीर सगळे स्वच्छ. पण मुदत संपली ती दाव्याची. ते पैसे कोणाचे, याचे उत्तर मुदतीने बदलत नाही. ती रक्कम मंदिराला दिली, तरी प्रश्न सुटत नाही. तो दानपेटीतल्या नोटेचाच प्रश्न आहे. यादीत तिला नावानिशी ठेवणे, शोध घेणे आणि तोवर तिला हात न लावणे, एवढे एकच उरते. त्याने ताळेबंदाचा एक कागद वाढतो, इतकेच.

सांगलीत हळदीची अडत करणारे माझे एक स्नेही आहेत. जपानची हकिकत ऐकून ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. आठवड्याने त्यांचा फोन आला. अकरा वर्षांपूर्वीच्या वहीत एका शेतकऱ्याचे १,८४० रुपये जमा निघाले होते, आणि ते गेल्या मार्चमध्येच नफ्यात गेले होते. त्यांनी उलटी नोंद करून घेतली आहे. शेतकरी आता हयात नाही. मुलगा तासगावकडे टेम्पो चालवतो असे बाजारात कोणी सांगितले. पत्ता अजून लागलेला नाही.